लिटरभर झऱ्यामागे 82 एकर डोंगर

इंदूरच्या नळाला जी ‘नर्मदा येते’ ती मंडलेश्वरजवळच्या जलूदहून. अंतर सुमारे 70 किलोमीटर, आणि नदीच्या पात्रापासून शहरापर्यंतचा चढ 400 मीटरच्या आसपास. 1978 पासून हे पाणी पंपांनी विंध्याच्या कडेवरून वर चढवलं जातंय. त्याच कडेवर काही ठिकाणी पाणी आपणहून खडकातून बाहेर पडतं, आणि झरा अस्सल असेल तर मे महिन्यातही थांबत नाही.

असे झरे बघायला इंदूरहून एक दिवस पुरतो: सकाळी जानापावची टेकडी, उरलेला दिवस मांडूचा किल्ला. पण नुसतं ‘किती थंड, किती स्वच्छ’ म्हणून परत येण्यात अर्थ नाही. झऱ्यात किती पाणी आहे आणि ते पाणी किती काम करू शकतं, हे दोन्ही हिशेब एक बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ यांवर होतात. ते जमले की पाणचक्की कुठे चालते आणि कुठे चालत नाही, मांडूच्या महालांना रहाट का लागले, औरंगाबादेत डोंगराच्या पोटातून नहर, म्हणजे जमिनीखालची पाण्याची वाट, का काढावी लागली, हे एकाच धाग्यात समजतं.

खाली वाट नाही म्हणून पाणी आडवं जातं

माळवा, खानदेश, मराठवाडा, सह्याद्री: या सगळ्याखाली खडक एकच, काळा बेसाल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे एकामागून एक पसरले आणि थिजले. भाकरीच्या चवडीसारखे हे थर एकावर एक बसलेत. प्रत्येक थराचा खालचा आणि मधला भाग घट्ट, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा. विहिरी खणणारे घट्ट भागाला काळा पाषाण म्हणतात, भोकं असलेल्याला मांजऱ्या, आणि ऊन-पावसाने कुजून भुसभुशीत झालेल्याला मुरूम. दोन लोंढ्यांच्या मध्ये कधीकधी विटकरी रंगाचा, गेरूसारखा मऊ थर सापडतो. एक लोंढा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा खडक झिजून माती झाली. नंतर आलेल्या लाव्हाने ती भाजली. हा थर वीतभर असो की दोन हात, बारीक चिकणमातीचा असल्यामुळे पाण्याला जवळपास अडवतो.

पावसाचं पाणी मातीतून मुरमात, मुरमातून मांजऱ्याच्या भेगांत उतरतं. पुढे काळा पाषाण किंवा तो लाल थर लागला की खाली वाट उरत नाही. मग थराचा उतार जिकडे असेल तिकडे ते आडवं सरकतं. ही आडवी वाट जिथे दरीने कापली गेली आहे, तिथे पाणी उघड्यावर येतं. तोच झरा.

म्हणून विंध्याच्या कडेवर झरा शोधायचा तर पाण्याचा आवाज ऐकायच्या आधी समोरचा कडा नीट बघावा. पाऊस संपून दीड-दोन महिने झाल्यावर सगळा कडा सुकलेला असतो आणि त्यावर एखादीच आडवी ओली रेघ उरते. तिच्यावर शेवाळ, नेचे, खाली एखादा उंबर किंवा जांभूळ. ती रेघ जवळजवळ सरळ आडवी असेल तर पाणी दोन थरांच्या सांध्यातून येतंय. ओल उभ्या भेगेत असेल तर तो भेगेचा झरा. त्याचं पाणी पावसानंतर चटकन वाढतं आणि चटकन कमीही होतं, कारण भेग म्हणजे मोकळी नळी आहे, पाणी धरून ठेवणारी जागा तिच्यात थोडी.

झरा आटतो तेव्हा लोक पहिल्यांदा पावसाला दोष देतात. पुष्कळदा कारण दुसरंच असतं. झऱ्याच्या वरच्या अंगाला कुणी बोअर घेतली आणि तिने तो लाल थर भेदला, तर वरच्या थरात साठलेलं पाणी त्या भोकातून खालच्या थरात उतरून जातं. बोअरवाल्याने पंप चालवला नाही तरीही. बोअरला वरच्या भागात नीट बसवलेला आवरण-पाइप असेल तर हे टळतं, पण खर्च वाचवण्यासाठी तो बहुतेकदा मुरूम संपेपर्यंतच घालतात. वर पठारावर नांगरट, खाणकाम किंवा घरांची वसाहत वाढली तर मुरणारं पाणी कमी होतं, हे दुसरं कारण. इंदूरच्या आग्नेयेला उगम पावणाऱ्या क्षिप्रेकडे बघितलं की या प्रश्नाचं वजन लक्षात येतं. 2014 पासून तिच्या उगमाजवळ उज्जैनी गावात नर्मदेचं पाणी पाइपने आणून सोडलं जातं, तेही साडेतीनशे मीटरच्या आसपास चढवून.

सकाळी जानापाव

इंदूरहून महू, आणि आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरच्या अलीकडे जानापावचा फाटा. एकूण 45 किलोमीटरच्या आसपास. सहाला निघालात तर ऊन चढायच्या आत टेकडीवर पोचता. पोहे-जिलेबी महूत किंवा घरूनच उरकून घ्या. पाण्याची बाटली भरून न्यावी, कुंडाच्या भरवशावर राहू नये.

जानापाव परशुरामाची जन्मभूमी मानतात, आणि इथून साडेसात नद्या निघतात असं गावकरी सांगतात. यातली चंबळ सगळ्यांना माहीत असलेली. टेकडीवर उभं राहून दिशा लावून घ्या: उत्तरेकडच्या उतारावर पडलेला थेंब चंबळमार्गे यमुनेला, मग गंगेला आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. दक्षिणेकडे पडलेला नर्मदेतून अरबी समुद्रात. हा पाणलोट दुभाजक. नकाशावर तो एक रेघ असतो. इथे तो पायाखाली असतो.

कुंड बघताना एक प्रश्न मनात ठेवा: याच्या वर किती जमीन आहे? टेकडीच्या माथ्याजवळच्या कुंडाला पाणी पुरवणारा भाग लहान असणारच. त्यामुळे नदीचा ‘उगम’ आणि नदीचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उगमाचं स्थान श्रद्धेने आणि परंपरेने ठरतं. नदीतलं पाणी मात्र खाली शेकडो छोट्या ओलींतून, नाल्यांतून जमत जातं. उगमावर पाणी कमी दिसलं म्हणून हिरमुसू नये.

जानापाव तासा-दीड तासात होतं. तिथून मानपूरवरून मांडूचा रस्ता धरायचा.

मांडू: नीलकंठापाशी बादली लावा

मांडू म्हणजे विंध्याच्या मुख्य पठारापासून काकडाखोहसारख्या खोल दरीने तुटून पुढे आलेला सपाट माथा. तिन्ही बाजूंना कडे, वर काळी माती आणि मुरूम. झऱ्यांसाठी यापेक्षा सोयीची रचना सापडणं कठीण. नीलकंठ महाल पश्चिमेच्या कड्यावर आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं की मागे डोंगर आणि पुढे दरी. अकबराच्या काळात शाह बुदाग खानाने इथे विश्रांतीची जागा बांधली. भिंतींवरच्या फारसी शिलालेखांत अकबराच्या दक्षिणेच्या मोहिमेचा उल्लेख आहे. आज इथे महादेवाची पूजा चालते. डोंगरातलं पाणी आत कुंडात येतं, तिथून पन्हळीने अंगणात, आणि अंगणातून दरीत.

मोजायचं ते इथेच, पण देवाच्या कुंडात हात-पाय घालून नाही. पुजाऱ्यांना विचारा आणि पाणी जिथून बाहेर सांडतं तिथे मोजा. पद्धत साधी आहे. 15 लिटरची बादली घ्या. आधी बाटलीने मोजून ती काठोकाठ भरली की खरंच किती पाणी बसतं ते ठरवा, कारण बाजारातल्या बादलीवरचा आकडा आणि आतलं माप पुष्कळदा जुळत नाही. मग धारेखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. पाच वेळा करा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा सोडा, उरलेल्या तिघांची सरासरी घ्या. 12 सेकंद आले तर 15 भागिले 12, म्हणजे सेकंदाला 1.25 लिटर.

चुकतं ते दोन ठिकाणी. धारेच्या बाजूने पाणी निसटतं आणि आपण ते मोजतच नाही. यासाठी उभा चिरलेला हातभर प्लॅस्टिकचा पाइप सोबत ठेवावा, ओल्या मातीने किंवा फडक्याने कडा बंद करून सगळं पाणी त्यातून घ्यावं. दुसरं, बादली 5 सेकंदांच्या आत भरत असेल तर घड्याळ दाबण्यातली चूकच मोठी होते; तिथे मोठं भांडं हवं.

पाणी पाटातून वाहत असेल तर वेगळा उपाय. सरळ, सारख्या रुंदीचा 3 मीटरचा तुकडा निवडा. संत्र्याच्या सालीचा तुकडा वरच्या टोकाला सोडा आणि खालच्या खुणेपर्यंतचा वेळ घ्या. समजा 10 सेकंद लागले: वेग सेकंदाला 0.3 मीटर. पाट 25 सेंटिमीटर रुंद आणि पाणी 8 सेंटिमीटर खोल असेल, तर सेकंदाला 6 लिटर. पण पृष्ठभागावरचं पाणी तळाशी घासणाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने जातं, म्हणून आलेल्या आकड्याला दगडी पाटात 0.75 ने गुणायचं: साडेचार लिटर. ही 0.75 ची पायरी बहुतेक जण विसरतात आणि झरा आहे त्याहून मोठा ठरवून घरी येतात.

स्वयंपाकघरातला तापमापक असेल तर तोही बुडवा. खोलवरून येणाऱ्या झऱ्याचं तापमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, माळव्यात 25 अंशांच्या आसपास. म्हणून तेच पाणी मे महिन्यात गार आणि जानेवारीच्या पहाटे कोमट लागतं. सकाळ-दुपारमध्ये तीन-चार अंशांचा फरक पडत असेल, तर ते पाणी वरवरच्या थरातलं किंवा आधी कुठेतरी उघड्यावर साठलेलं आहे. क्षार मोजायचं पेन खिशात असलं तर तो आकडाही लिहून ठेवा. पण पेन फक्त विरघळलेले क्षार दाखवतं, जंतू दाखवत नाही. वर माणसांची, गुरांची ये-जा असलेल्या डोंगरातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नये.

82 एकर कुठून आले

इंदूरच्या भागात वर्षाला साधारण 950 मिलिमीटर पाऊस. कठीण खडकाच्या प्रदेशात त्याचा ढोबळमानाने दहावा भाग खाली मुरतो असं धरू. म्हणजे एका हेक्टरमागे वर्षाला साडेनऊ लाख लिटर. आता सेकंदाला फक्त 1 लिटर देणारा झरा वर्षभरात 3 कोटी 15 लाख लिटर पाणी देतो. भागाकार केला की 33 हेक्टर येतात, म्हणजे 82 एकर. तेही मुरलेला प्रत्येक थेंब याच झऱ्यातून निघाला, एकही विहीर मध्ये आली नाही, असं मानून. प्रत्यक्षात याहून जास्तच जमीन लागते.

हा आकडा आम्हाला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. झऱ्याभोवती दगडी कठडा बांधून, फरशी घालून त्याचं ‘संवर्धन’ होत नाही. वरच्या 82 एकरांत काय चाललंय त्यावर झरा जगतो किंवा मरतो. आणि ते एकर झऱ्याच्या थेट डोक्यावरच असतील असंही नाही. खडकाचे थर जिकडून उतरत येतात तिकडे ते असतात, कधी टेकडीच्या पलीकडच्या बाजूलाही.

पाण्याने दळायचं तर

आता दुसरा हिशेब. सेकंदाला 1 लिटर पाणी 1 मीटर खाली पडत असेल, तर त्यात 9.8 वॅट ताकद असते. 10 धरा. लिटर गुणिले मीटर गुणिले 10. बस.

भारतात सगळ्यात जास्त चाललेली पाणचक्की म्हणजे उत्तराखंड-हिमाचलकडचा घराट. तिच्यात चाक आडवं फिरतं आणि दांडा उभा असतो, त्यामुळे दात्यांची चाकं, पट्टे काही लागत नाहीत. खालचं चाक एक फेरा घेतं तेव्हा वरचा दगडही एकच फेरा घेतो. ओढ्यावरून पाट काढून पाणी छोट्या हौदात आणतात, तोंडाशी पालापाचोळा अडवायला जाळी. हौदातून लाकडी पन्हळ तिरपी खाली उतरते, वर रुंद आणि खाली निमुळती. तिच्यातून सुटलेली धार चाकाच्या पात्यांवर बसते. दांडा खालच्या स्थिर दगडाच्या भोकातून वर येतो आणि वरच्या दगडाला बसवलेल्या लोखंडी पट्टीत अडकतो. वरचा दगड 75 सेंटिमीटर रुंद आणि 12 सेंटिमीटर जाड असेल, तर त्याचं वजन दीडशे किलोच्या घरात जातं. तो दगड, दांडा आणि चाक, हा सगळा भार दांड्याच्या तळाच्या एका टोकावर, एका छोट्या वाटीत तोललेला असतो. ते टोक झिजून तिरपं झालं की दगड लंगडतो, एका बाजूला पीठ आणि दुसऱ्या बाजूला भरड पडू लागते.

चाकाचा वेग कसा ठरतो तेही बघण्यासारखं आहे. पाणी 3 मीटर उतरून आलं की धारेचा वेग सेकंदाला सुमारे 7.7 मीटर होतो. पात्यांचा वेग धारेच्या निम्म्याजवळ असला की काम सगळ्यात चांगलं होतं, म्हणजे 3.8 मीटर. चाकाचा व्यास 80 सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्याला अडीच मीटर, म्हणून मिनिटाला 90 च्या आसपास फेरे. दळायला ही गती छान. दगड फार वेगात फिरला तर पीठ तापतं, करपल्याचा वास येतो आणि पोळी चिवट होते.

ताकदीचं बघू. सेकंदाला 60 लिटर पाणी, 3 मीटर पड: 1800 वॅट. लाकडी चाकात त्यातलं 20 ते 30 टक्केच दगडापर्यंत पोचतं. बाकीचं उडणाऱ्या पाण्यात आणि घासण्यात जातं. हाती 450 वॅट. त्यावर तासाला पाच ते दहा किलो धान्य दळलं जातं. आपल्या घरातली 1 अश्वशक्तीची घरघंटी साधारण तेवढंच दळते. फरक इतकाच की घराट रात्रभर चालू ठेवता येतो आणि बिल येत नाही.

आमच्या मते या यंत्रातला सगळ्यात सुंदर भाग म्हणजे एक काठी. वर टांगलेल्या चाड्यात धान्य भरलेलं असतं, त्याच्या तोंडाशी एक छोटी तिरपी तबकडी. त्या तबकडीला बांधलेली काठी फिरत्या दगडावर टेकून राहते. दगडाच्या खडबडीत पाठीवर ती टकटक उडते, तबकडी हलते आणि दाणे थोडेथोडे दगडाच्या तोंडात पडतात. पाणी वाढलं, दगड जोरात फिरला, की काठी जास्त उडते आणि वैरण, म्हणजे दळायला पडणारे दाणे, जास्त पडते. पाणी कमी झालं की वैरणही कमी. दगड थांबला की दाणेही थांबतात. माणूस शेजारी नसला तरी चक्की बोकणा भरून अडकत नाही. हाताच्या जात्यावर जे काम दळणारीची मूठ अंदाजाने करते, ते इथे काठी करते.

बिघाड मात्र ठरलेले आहेत. जाळीत पाला अडकला की हौद ओसंडतो आणि चाक मंदावतं. ओढ्यावर रोज एकदा तरी जाळी साफ करावीच लागते. पन्हळीच्या फटींतून पाणी गळलं तर धार पसरते आणि पात्यांच्या मध्यावर न बसता काठांवर उडते. पावसाळ्यात खालच्या ओढ्याची पातळी वाढून चाक पाण्यात बुडलं की पाती पाणी कापतच राहतात आणि दगड थांबतो. भरपूर पाणी असताना चक्की बंद पडते ती यामुळे. धान्य संपलं आणि दगड रिकामा फिरत राहिला तर दगडच दगडाला दळतो, कच पडते. दोन दगडांतलं अंतर खालच्या तुळईला पाचर मारून कमी-जास्त करतात: मध्याशी दाणा शिरेल एवढं, काठाशी जाड कागदाएवढं. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने टोचून तो पुन्हा खडबडीत करायचा, आणि टाकी लावल्यावरचं पहिलं दोन-तीन किलो पीठ गुरांनाही घालायचं नाही, कारण त्यात दगडाचा चुरा असतो.

आता मांडूच्या झऱ्याशी हे जुळवून बघू. उदाहरणातला सेकंदाला 1.25 लिटरचा झरा, पड 10 मीटर: 125 वॅट, त्यातलं पाव म्हणजे 31 वॅट. दीडशे किलोचा दगड जागचा हलणार नाही. पण तेच पाणी दिवसभर साठवलं तर 1 लाख 8 हजार लिटर जमतं. 9 मीटर लांब, 6 रुंद आणि 2 खोल अशा हौदात ते नेमकं मावतं. तो हौद सेकंदाला 30 लिटरने सोडला तर बरोबर एक तास पुरतो, 3000 वॅट देतो, आणि त्यातले 750 दगडापर्यंत पोचतात. एका तासाचं दळण, दहा-बारा किलो. 100 एकर डोंगराचा दिवसभराचा झिरपा, आणि पीठ एका मोठ्या कुटुंबापुरतं. हीच चक्की हौदाशिवाय अखंड चालवायची तर 2460 एकरांचं, म्हणजे जवळपास 10 चौरस किलोमीटरचं पाणी एका तोंडाशी यावं लागतं. घराट चालतात ते म्हणूनच हिमालयातल्या ओढ्यांवर, जिथे मागे मोठं पाणलोट आणि तीव्र उतार दोन्ही आहेत.

रहाट आणि नागमोडी पन्हळ

मांडूत पाण्याकडून काम करून घेण्याऐवजी पाण्यासाठी काम करावं लागलं, आणि त्याच्या खुणा रेवाकुंडावर दिसतात. नर्मदा परिक्रमेला निघालेले लोक या कुंडाला येतात. काठावर कमानींचं उंच बांधकाम आहे. तिथून पाणी उचलून माळव्याचा सुलतान बाज बहादूरच्या महालाकडे नेलं जाई. महाल मुळात नासिरुद्दीन खिलजीच्या काळातला, शिलालेखानुसार 1508-09 चा. रहाट म्हणजे उलटी पाणचक्की: एक पडत्या पाण्यातून फेरे काढते, दुसरा फेऱ्यांतून पाणी वर काढतो. हिशेबही तोच. बैलांची जोडी सुमारे 750 वॅट देते. घासण्यात आणि सांडण्यात 40 टक्के गेले आणि 10 मीटर उचलायचं असेल, तर सेकंदाला साडेचार लिटर. सहा तास जोडी फिरवली की लाखभर लिटर.

जहाज महालाच्या गच्चीवर आणि नीलकंठाच्या अंगणात गोगलगायीसारखी वळणं घेत जाणारी पन्हळ आहे. गाइड सांगतात की यामुळे पाणी शुद्ध होई. अर्धं खरं आहे. समजा 2 मीटर सरळ अंतरात पाणी 10 सेंटिमीटर उतरतंय. तोच उतार वळणं देऊन 12 मीटरांत वाटला तर उतार सहापट सौम्य होतो आणि वेग सुमारे अडीचपट कमी. रेती, जड गाळ खाली बसतो. चिकणमाती अशा थोड्या अंतरात बसत नाही, जंतू तर नाहीच. शिवाय वळणांतून पाणी खेळताना बघायला सुंदर दिसतं, आणि बांधणाऱ्यांना तेही हवं होतं यात शंका नाही. मांडूत तिकिटं स्मारकांच्या गटांप्रमाणे वेगळी आहेत. जहाज महालाचं आणि रूपमती-बाज बहादूर बाजूचं अशी दोन लागतील.

एकर वाढवायची युक्ती

एका झऱ्यामागची जमीन अपुरी असेल तर काय करायचं, याचं उत्तर छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या पाणचक्कीत आहे. तिथला खडकही आपल्यासारखाच. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या शहरात नहरी आणल्या. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालून बोगदा काढला की त्याच्या दोन्ही भिंतींतून पाणी झिरपत राहतं. बोगदा जितका लांब तितके जास्त एकर त्याला पाणी देतात. ते पाणी पुढे मातीच्या नळांतून काही किलोमीटर नेलं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी 1744 मध्ये तुर्कताज खानाने पाणचक्की उभारली, तिच्यावर फकीर, प्रवासी यांच्यासाठी दळण होत असे.

बंद नळ जमिनीच्या चढउतारावरून जातो तेव्हा उंचवट्याच्या जागी हवा अडकते आणि पाणी चोंदतं. म्हणून वाटेत विटा-दगडांचे उंच मनोरे बांधले, त्यांना तिथे बंब म्हणतात. नळ त्यांच्यातून वर चढतो, हवा सुटते, दाबही मोकळा होतो. उगमापेक्षा उंच पाणी कधीच चढत नाही, त्यामुळे बंबाची उंची उगमाच्या पातळीने बांधलेली असते.

इतकं लांब जायचं नसेल तर बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा इंदूरहून 180 किलोमीटरवर आहे. तो मांडूबरोबर एका दिवसात बसत नाही, स्वतंत्र दिवस द्यावा. 1615 च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या बाजूने झिरपणारं पाणी शंभरावर कुंड्या आणि त्यांना जोडणाऱ्या बोगद्यांतून शहराकडे आणलं. पंप नाही, रहाट नाही, फक्त उतार. तिथल्या पाण्यात चुन्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे भिंतींवर पांढरे थर चढून बोगदा अरुंद होतो. नहर खणण्याइतकाच तिचा साफ करण्याचा खर्च कायमचा असतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

कधी जावं, काय टाळावं

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात सोयीचे: झरे भरात, रस्ते कोरडे. जुलै-ऑगस्टमध्ये मांडू ढगात असतं आणि लोक त्याच वेळी गर्दी करतात. तेव्हा जे वाहताना दिसतं त्यातलं बरंचसं नुसतं पावसाचं पाणी, झरा कुठला ते कळत नाही. येताना पातालपाणीकडे वळायचा मोह होतो. पावसाळ्यात तिथे पात्रात उतरू नका. जुलै 2011 मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात तिथे एका कुटुंबातली माणसं वाहून गेली. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या भागात पाऊस झाला की बेसाल्टवरून पाणी झपाट्याने खाली येतं. नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला, आवाज बदलला, तर सामान न उचलता काठावर चढायचं.

दगडांवरचं शेवाळ घसरतं, म्हणून चपला नकोत, पकड असलेले बूट. बादली, चिरलेला पाइप, मोजपट्टी, तापमापक, वही. जागेचं नाव, तारीख, आधीच्या आठवड्यात पाऊस झाला होता का, सेकंद, लिटर, तापमान एवढं लिहा, आणि नेमकं कुठे मोजलं त्याचा फोटो काढा, म्हणजे पुढच्या वेळी तीच जागा सापडेल. एका मोजणीला फारसा अर्थ नसतो. ऑक्टोबरात एकदा, मार्चमध्ये एकदा आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा मोजलंत, आणि मेचा आकडा ऑक्टोबरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या खाली गेला नसेल, तर झरा खोल थरातला आणि त्याचं पाणलोट शाबूत आहे असं धरायला हरकत नाही. दहाव्या हिश्श्यावर आला असेल तर तो मुरमातला वरवरचा झरा, आणि वर एखादी बोअर किंवा खाण झाली की पहिला तोच जाईल.